हरला की घरी

३० जून २०२१ रोजी राज्य सरकारने २३ गावं पुणे महापालिकेच्या हद्दीत घेतली, त्यांत वाघोली होती. त्या दिवसापर्यंत ती हवेली तालुक्यातली एक ग्रामपंचायत. पण एरवी गावात नसतं असं बरंच काही तिथे आधीच उभं होतं: अभियांत्रिकीची कॉलेजं, तंत्रनिकेतनं, व्यवस्थापनाच्या संस्था, वसतिगृहं आणि त्यांच्या भोवती मेसवाले. नगर रस्त्याने पुण्यात शिरणाऱ्याला पूर्वी वाघोली कळायची ती दगडखाणींच्या धुळीने. त्या खाणींवर राबणाऱ्यांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ संस्थेने पाषाण शाळा काढल्या. त्याही आधीची वाघोली म्हणजे वाघेश्वराचं देऊळ आणि बाजीरावाच्या काळातले सरदार पिलाजी जाधवराव.

शिक्षणाचं गाव म्हणून वाघोलीचं नाव झालं त्याला एका आपत्तीचं निमित्त होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं पुण्याला शिकायला आणली आणि त्यांच्या शिक्षणाचा प्रकल्प वाघोलीत उभा राहिला. संघटनेचं कॉलेजही पुढे तिथेच आलं. मग विनाअनुदानित अभियांत्रिकीची लाट आली. मोझे, जेएसपीएम, २००६ मध्ये रायसोनी या संस्थांची कॉलेजं आली. नगर, बीड, लातूर, परभणीकडची मुलं याच रस्त्याने एसटीने यायची आणि पुण्याच्या अलीकडेच उतरायची.

या मुलांच्या गावात व्हॉलीबॉल होता. फक्त तो कॉलेजच्या क्रीडा विभागाला हवा तो व्हॉलीबॉल नव्हता.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत या खेळाचे दोन पंथ आहेत, ‘शूटिंग’ आणि ‘स्मॅशिंग’. यात्रेच्या, जयंतीच्या, नेत्याच्या वाढदिवसाच्या स्पर्धांचे फलक पाहावेत, त्यांवर बहुधा ‘भव्य शूटिंग व्हॉलीबॉल स्पर्धा’ असंच लिहिलेलं असतं. शूटिंगमध्ये चेंडू लिफ्टरकडे देऊन, तो जाळीजवळ उंच उचलून, मग उडी मारून हाणायचा हा सोपस्कार नाही. आलेला चेंडू दोन्ही हातांनी थेट पलीकडे मारायचा. उंचीपेक्षा मनगट आणि अंदाज महत्त्वाचा, म्हणून चाळिशीतला गडीही वीस वर्षांच्या पोराला जड जातो. ऑलिंपिकला असतो तो स्मॅशिंगचा खेळ, आणि विद्यापीठही तोच खेळवतं. गावात नावाजलेला शूटर कॉलेजच्या निवड चाचणीला आला की त्याला पहिल्यांदा हात सोडवावे लागतात. क्रीडा संचालकांचा पहिला महिना पुष्कळदा असा मुलांनी शिकलेलं विसरवण्यात जातो.

गंमत अशी की या खेळाचा जन्मच मुळी उड्या न मारणाऱ्यांसाठी झाला. १८९५ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होल्योक गावी वायएमसीएचा व्यायाम संचालक विल्यम मॉर्गन याच्याकडे मध्यमवयीन व्यापारी आणि नोकरदार यायचे. चार वर्षांपूर्वी जवळच्याच स्प्रिंगफील्डला जन्मलेला बास्केटबॉल त्यांना झेपत नव्हता. मॉर्गनने साडेसहा फुटांवर जाळी बांधली, दोन्हीकडे कितीही माणसं चालतील असं ठरवलं आणि खेळाला ‘मिंटोनेट’ म्हटलं. पुढच्याच वर्षी ते नाव गेलं आणि व्हॉलीबॉल आलं. वायएमसीएची माणसं जगभर जात होती. त्यांच्या सामानात हा चेंडूही गेला.

आशियात तो रुजवणाऱ्यांतले दोघे इथे लक्षात ठेवायला हवेत. एल्वुड ब्राउन १९१० मध्ये मनिलाला पोचला. हॅरी क्रो बक मद्रासला आला आणि १९२० मध्ये त्याने तिथे शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. संस्था एक, खेळ एक, हेतूही एकच. तरी त्यांच्या हातून दोन देशांत दोन वेगळ्या गोष्टी घडल्या.

फिलिपिन्समध्ये १९१६ च्या सुमारास चेंडू उचलून देणं आणि वरून हाणणं ही जोडी तयार झाली. म्हणजे आजच्या खेळाचा गाभा तिथला. तिथल्या विद्यापीठांनी १९३८ मध्ये एक संघटना बांधली, तिचं लघुनाव यूएएपी. आज तिच्यात आठ विद्यापीठं आहेत. व्हॉलीबॉलचा हंगाम साखळी पद्धतीने होतो: प्रत्येक संघ इतर सातांशी दोन-दोनदा खेळतो. म्हणजे सर्वांत तळाला राहिलेल्या संघालाही १४ सामने मिळतात, मग तो मुलांचा असो की मुलींचा. मनिलात मुलींच्या सामन्यांना मोठमोठी बंदिस्त मैदानं भरतात, दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण असतं आणि विद्यापीठाची खेळाडू रस्त्यावर ओळखली जाते.

मद्रासच्या कॉलेजातून शिकलेले फिजिकल डायरेक्टर देशभरच्या कॉलेजांत गेले. मुंबई इलाख्यात १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. पुण्याची स्वतःची तालीम तर आधीपासूनच होती: १९०६ चा डेक्कन जिमखाना, १९२४ चं शिवरामपंत दामल्यांचं महाराष्ट्रीय मंडळ. त्या पुण्याचा जीव खो-खो, हुतुतू, मल्लखांब आणि क्रिकेटमध्ये. व्हॉलीबॉल आला तो पाहुण्यासारखा, कवायत झाल्यावर अर्धा तास खेळायला. भारतीय ऑलिंपिक संघटनेने १९३६ मध्ये लाहोरला पहिली आंतरराज्य स्पर्धा घेतली, १९५१ मध्ये व्हॉलीबॉल महासंघ निघाला आणि पुढच्या वर्षी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत भारताला कांस्य आणि १९६२ च्या जाकार्ताला रौप्य मिळालं. देशाचा संघ इतका चांगला होता, तरी कॉलेजच्या पातळीवर साखळी स्पर्धा काही रुजली नाही.

त्याचं कारण नकाशात सापडतं.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याच्या कक्षेत १२ जिल्हे होते. खानदेशातलं कॉलेज आणि कोल्हापूरचं कॉलेज एकाच विद्यापीठात. जळगावच्या संघाला दर आठवड्याला पुण्याला यायला कोण सांगणार, आणि भाडं कोण देणार? कॉलेजकडे पैसे म्हणजे विद्यार्थ्यांकडून घेतलेली जिमखाना फी, आणि तिच्यावर क्रिकेटचा पहिला हक्क. तेव्हा बाद पद्धत हाच शहाणपणा होता. विभागवार स्पर्धा घ्यायच्या, विजेत्यांना आंतरविभागीयला बोलवायचं, दोन-तीन दिवसांत निकाल लावायचा, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडायचा आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेला पाठवायचा. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ वेगळं झालं आणि दक्षिणेकडचे जिल्हे गेले. १९९० मध्ये धुळे आणि जळगाव उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे गेले. उरले पुणे, नगर आणि नाशिक. विभागांची नावंही तीच राहिली: पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर, नाशिक. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. कक्षा बाराची तीनवर आली, रस्ते चौपदरी झाले, एकट्या वाघोलीत एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर कॉलेजं उभी राहिली. व्यवस्था मात्र जळगावहून आगगाडीने येणाऱ्या संघासाठी आखली होती तीच चालू राहिली.

हिशेब साधा आहे. आठ संघांची बाद स्पर्धा सात सामन्यांत संपते आणि पहिल्याच फेरीत चार संघ घरी जातात. त्याच आठांची एकेरी साखळी लावली तर २८ सामने होतात. मुलं आणि मुली धरून १४ विरुद्ध ५६. प्रत्येक सामन्याला दोन पंच, रेषापंच, गुणलेखक; त्यांचं मानधन, चहा-नाश्ता. सुरुवातीच्या फेऱ्या सहसा तीन सेटच्या, म्हणजे सरळ दोन सेटमध्ये हरलेल्या संघाचं आंतरमहाविद्यालयीन वर्ष पाऊण तासात आटोपतं. जूनपासून सकाळी सहाला मैदानावर येणाऱ्या पोरीला सप्टेंबरात पाऊण तास खेळायला मिळावं, याला स्पर्धा म्हणायचं तर म्हणावं.

साखळी लावायची इच्छा असणाऱ्यांपुढे बराच काळ आणखी एक अडचण होती, ती खुद्द नियमांतली. पूर्वी सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण मिळायचा, समोरच्याने रॅली जिंकली तरी फक्त सर्व्हिस बदलायची. १५ गुणांचा सेट वीस मिनिटांत संपेल की तासभर रेंगाळेल हे कुणालाच सांगता यायचं नाही. उघड्या मैदानावर, दिवे नसताना, दिवसाला किती सामने बसवायचे याचा अंदाज कसा बांधणार? १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने प्रत्येक रॅलीला गुण आणि २५ गुणांचा सेट ठरवला. हा बदल दूरचित्रवाणीसाठी झाला अशी टीका तेव्हा झाली, ती खरीही होती. पण कॉलेजच्या मुरमाड मैदानावर तक्ता आखणाऱ्या सरांचंही त्याने भलं केलं. त्याच सुमारास लिबेरो आला, वेगळ्या रंगाचा सदरा घातलेला, मागच्या फळीत खेळणारा, जाळीवर हल्ला न करणारा. पाच फूट पाच इंचाच्या चपळ मुलाला त्यामुळे पहिल्यांदा हक्काची जागा मिळाली. शूटिंगमध्ये तयार झालेल्या पोरांचे हात इथे उपयोगी पडतात.

मुलींच्या गटाची कहाणी अधिक पातळ आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल आला तेव्हा तो स्त्रियांचा ऑलिंपिकमधला पहिला सांघिक खेळ ठरला. यजमान जपानच्या संघात बहुतेक जणी निचिबो या कापड कंपनीच्या कायझुका इथल्या गिरणीत काम करणाऱ्या, प्रशिक्षक हिरोबुमी दायमात्सु. २३ ऑक्टोबरला त्यांनी सोव्हिएत संघाला सरळ तीन सेटमध्ये हरवलं आणि अख्खा जपान दूरचित्रवाणीपुढे बसून होता. गिरण्या मुंबईतही होत्या, गिरण्यांत बायकाही होत्या. पण आपल्याकडे मुलींना मैदान मिळालं ते मुख्यतः खो-खो आणि कबड्डीत. पुण्याने कबड्डीला अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या शकुंतला खटावकर दिल्या. व्हॉलीबॉलमध्ये त्या तोडीचं नाव पुण्याला चटकन आठवत नाही. देशपातळीवर स्त्रियांच्या व्हॉलीबॉलचा दबदबा राहिला तो केरळचा आणि रेल्वेचा. रेल्वे नोकरी द्यायची, हे त्यातलं निम्मं उत्तर.

मुलींची जाळी २.२४ मीटर उंचीवर, मुलांची २.४३ वर. एका मैदानावर दोन्ही गट खेळवायचे तर जाळी १९ सेंटिमीटर वर-खाली करायची, म्हणून संयोजक सहसा एका सत्रात मुलींचे सामने उरकून घेतात. उरकतातही लवकर, कारण मुलींचे संघ कमी. बारा मुली जमवणं कॉलेजला जड जातं. आठ जणींवर संघ नोंदवला जातो आणि त्यांतली एक बास्केटबॉलची, एक हँडबॉलची असते. सहा संघ आले तर संपूर्ण स्पर्धा पाच सामन्यांची. सामने नाहीत म्हणून मुली येत नाहीत, मुली येत नाहीत म्हणून संघ नाहीत, संघ नाहीत म्हणून साखळी नाही.

हे चक्र कायद्याने तोडता येतं, असा अमेरिकेचा अनुभव. तिथे १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ हे कलम आलं: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला खेळातही मुलींना डावलता येणार नाही. कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले आणि त्यांनी मोठ्या प्रमाणावर व्हॉलीबॉल निवडला. राष्ट्रीय कॉलेज संघटनेने मुलींची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९८१ मध्ये घेतली. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये जाळी लावून खेळवला, तेव्हा ९२,००३ माणसं आली होती. तिथल्या मुलांच्या कॉलेज व्हॉलीबॉलला अशी गर्दी स्वप्नातही होत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं.

आपल्या व्यवस्थेतून कुणीच वर आलं नाही असं मात्र नाही. केरळचा जिमी जॉर्ज सत्तरच्या दशकात केरळ विद्यापीठाकडून सलग चार वर्षं खेळला आणि कप्तान झाला. पुढे तो इटलीतल्या व्यावसायिक क्लबांत गेला, १९८६ च्या सेऊल आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकणाऱ्या संघात होता आणि १९८७ मध्ये इटलीतच मोटार अपघातात गेला. पण केरळात कॉलेजबाहेर गावोगाव रात्रीच्या प्रकाशातल्या स्पर्धा होत्या, तिकीट काढून पाहणारे लोक होते. विद्यापीठाने त्याला कमी सामने दिले असते तरी गावाने ते भरून काढले असते. पुण्याच्या आसपास गाव शूटिंग खेळवतं आणि कॉलेज स्मॅशिंग, त्यामुळे हे भरून निघणं होत नाही.

साखळीचे प्रयोग वरच्या टोकाकडून झाले. प्रो कबड्डीच्या तीन वर्षं आधी, २०११ मध्ये, भारतीय व्हॉलीबॉल महासंघाने इंडियन व्हॉली लीग भरवली. तिच्यात ‘मराठा वॉरियर्स’ नावाचा संघ होता. लीग एका हंगामात संपली. डिसेंबर २०१६ मध्ये अंतर्गत भांडणांमुळे जागतिक महासंघाने भारतीय महासंघालाच निलंबित केलं. २०१९ च्या प्रो व्हॉलीबॉल लीगमध्ये ‘यू मुंबा’ हा संघ उतरला. तीही एकाच हंगामाची. २०२२ पासून प्राइम व्हॉलीबॉल चालू आहे, दुसऱ्या हंगामात मुंबईचा संघ आला. यांतल्या एकाही लीगमध्ये मुलींचे संघ नव्हते.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला मोह दुसऱ्याच गोष्टीचा असतो. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण मिळालं. तेव्हापासून प्रमाणपत्राला भाव आला. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला दहा साखळी सामन्यांपेक्षा एका मान्यताप्राप्त स्पर्धेतलं पदक हवं असतं, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. खासगी साखळी स्पर्धेच्या प्रमाणपत्राला तिथे किंमत नसते. कॉलेजांची साखळी रुजवायची म्हणणाऱ्याला आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: खेळलो, पण कागद कुठला मिळणार?

तरी विद्यार्थ्यांनी आपल्या परीने वाट काढली. सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचा ‘झेस्ट’, लोणी काळभोरला एमआयटीच्या आवारातला ‘विश्वनाथ स्पोर्ट्स मीट’ अशा निमंत्रित महोत्सवांत व्हॉलीबॉल असतो. मुलं वर्गणी काढतात, प्रायोजक गाठतात, रात्री दिवे लावून सामने खेळवतात. गटवार साखळी आणि मग बाद फेरी अशी रचना त्यांना परवडते. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीनपेक्षा इथे जास्त सामने मिळतात, हे खेळाडूंना पक्कं ठाऊक असतं. वाघोलीची कॉलेजं शहराच्या पूर्व टोकाला असल्याने शहरातल्या महोत्सवासाठी त्यांच्या मुलांचा प्रवास लांबचा पडतो. नगर रस्त्याची वाहतूक ज्याने संध्याकाळी सहाला अनुभवली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि एकाच आवारातली मुलंसुद्धा एकमेकांत अधिकृतपणे खेळत नाहीत. अकरावी-बारावीची मुलं जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या १९ वर्षांखालील शालेय स्पर्धेत जातात. डिप्लोमाच्या मुलांची वेगळी संघटना आहे, आयईडीएसएसए, तिचे स्वतःचे विभाग आणि स्वतःची राज्य पातळी. पदवीची मुलं विद्यापीठाकडे. तिन्ही गट एकाच फक्की मारलेल्या मैदानावर सराव करतात, चेंडूही बहुधा तोच, पण शिड्या तीन. डिप्लोमातून थेट द्वितीय वर्षाला आलेला मुलगा पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करतो.

आता चौथी शिडी आली आहे. वाघोलीतच जेएसपीएमचं स्वतंत्र खासगी विद्यापीठ उभं राहिलं, इतरही संस्था त्या मार्गावर आहेत. कॉलेजचं विद्यापीठ झालं की त्याचा संघ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेतून बाहेर पडतो आणि थेट भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेला पात्र होतो. तिथे महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्याची विद्यापीठं असतात. आधी बाद फेऱ्या, शेवटच्या चारांत साखळी. तीन जिल्ह्यांतून निवडलेल्या संघापुढे एकाच आवारातून जमवलेले बारा खेळाडू उभे राहतात आणि बहुतेक पहिल्या-दुसऱ्या फेरीत परततात. ज्या शेजारच्या कॉलेजशी काल विभागीय स्पर्धेत गाठ पडायची, त्याच्याशी अधिकृत सामना आता होतच नाही. दोघांच्या मैदानांत अंतर चालत जाण्याएवढं आहे. सामना हवा असेल तर दोन क्रीडा संचालकांनी एकमेकांना फोन करून रविवार ठरवायचा.